दुसरं उष्टावण

आमच्या स्वयंपाकघरात अंडं पहिल्यांदा आलं ते यंदाच्या चैत्रात, आणि ते आईनं मागवलं.

नारो शंकर 1742 मध्ये झाशीचे सुभेदार झाले. त्या काळापासून दक्षिणेतून जी मराठी घरं इथं येऊन रुजली, त्यांतलं आमचं एक. उंबऱ्याबाहेर बुंदेली, आत मराठी. ज्या गणेश मंदिरात 1842 साली राणी लक्ष्मीबाईंचं लग्न लागलं, तिथं भाद्रपदात आरतीला जायचं. सोवळं कधीच सुटलं, पण ओट्यापाशी त्याचा धाक उरला. अंडं ही थंडीच्या रात्री इलाइट चौराह्यावरच्या ठेल्यापाशी आम्हा भावंडांनी चोरून खायची वस्तू होती.

माघात माझ्या जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढला. वजन उतरवण्यासाठीच्या या शस्त्रक्रियेला स्लीव्ह म्हणतात. मागे उरते ती केळ्यासारखी एक अरुंद नळी. भूक जागवणारं घ्रेलिन मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होतं, त्यामुळे त्याच्याबरोबर माझी भूकही गेली. भूक लागणं ही केवढी मोठी सोबत होती, हे ती गेल्यावर कळलं. सकाळ होते, दुपार होते, आतून कुणी हाक मारत नाही. घड्याळात बघून जेवायचं.

आधी नितळ पाणी, मग ताक, दूध, वरणावरचं पाणी. तिसऱ्या आठवड्यात घोटलेलं, पाचव्यात मऊ. आपल्या भाषेत पानात घालणं आणि अंगानं मोठं होणं, दोन्हींना वाढणंच म्हणतात. आईला प्रेमाची हीच एक रीत ठाऊक. माझ्या दुखण्यासाठी तिच्यापाशी सगळं होतं : पेज, आटवल, गुरगुट्या भात, वर मेतकूट आणि तुपाची धार. आहारतज्ज्ञ बाईंनी ते सगळं मागे ठेवायला सांगितलं. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं हवीत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात. पेजेनंच जागा भरली तर प्रथिनं मावणार कुठं? एका अंड्यात 6 ग्रॅम. आई पदर सारखा करत ऐकत राहिली. संध्याकाळी मागच्या अंगणात वेगळा स्टोव्ह आणि वेगळं पातेलं मांडलेलं होतं.

पहिला प्रयत्न फसला, तो माझ्या घाईमुळे. अंडं कडक उकडलेलं, बलक कोरडा. दोन घास उभ्या उभ्या घेतले आणि छातीच्या मधोमध दगड बसला. तोंडाला फेसकट लाळ सुटली, नाक वाहू लागलं, उचकी थांबेना. अर्धा तास खांबाला टेकून होते. आई पाठीवरून हात फिरवत राहिली. पाण्याचा पेला तिनं उचलला आणि परत ठेवला. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही, हे तिनं पाठ केलं होतं. ज्या हातानं आयुष्यभर आग्रह केला, त्या हाताला तो आवरून धरणं किती जड गेलं असेल!

दुसऱ्या वेळी आई स्वतः शिजवायला बसली. अंड्याचा पांढरा भाग साठ अंशांच्या थोडा वर धरायला लागतो. आच वाढली की तो आकसतो, पाणी सोडतो, रबरासारखा होतो. हे अंश तिला माहीत नव्हते. पण खरवस कधी उतरवायचा ते माहीत होतं. चमचाभर दूध घालून, मंद आचेवर सतत हलवत, अंडं ओलसर असतानाच तिनं उतरवलं. मीठ बेतानं.

मग चहाच्या चमच्यानं पहिला घास तिनंच भरवला. सहाव्या महिन्यात माझं उष्टावण झालं होतं, तेव्हा मामानं भरवलं होतं, असं म्हणाली. मी पंचवीस वेळा चावलं. चव ओळखीची नव्हती. इतकं चावून मी आजवर काहीच खाल्लं नव्हतं. चमचा खाली, श्वास, मग दुसरा घास. चौथ्यानंतर नाक ओलं झालं. हीच पोट भरल्याची खूण. थांबले. पातेल्यात अर्ध्याहून जास्त उरलेलं बघून आईचे ओठ हलले, पण ती काही बोलली नाही. वीस मिनिटं ती माझ्यासमोर नुसती बसून होती.

आता वैशाख लागलाय आणि झाशी तापू लागली आहे. घटाघटा पाणी पिता येत नाही, म्हणून उशाशी तांब्या आणि छोटी वाटी असते. दिवसभर घोट घोट. सकाळी एक अंडं पुरं जातं. पातेलं अंगणातून ओट्यावर आलं आहे.

तुमच्या घरी कुणी असं परत जेवायला शिकत असेल, तर त्याच्या पानाकडे बघून 'एवढंसंच?' म्हणू नका. शेजारी बसा, आणि आपलाही घास जरा सावकाश चावा.