गडाला पायऱ्या किती?

मंडळी, सहलीहून परतल्यावर प्रवासवर्णन लिहायची आपल्या अंकाची रीत. आम्ही मात्र निघण्याआधीच लिहायला बसलो आहोत. हा बेत आम्ही दोनदा पुढे ढकलला. चारचौघांत सांगून टाकले, म्हणजे आता माघार नको.

मेअखेरच्या शाळेच्या सुट्टीत दक्षिण फ्रान्समधल्या कार्कासोनला जायचे आहे. हे नाव घरात आले मुलांच्या बोर्डगेममुळे. चौकोनी तुकडे जोडून तटबंदीची गावे उभी करायचा हा खेळ 2000 साली निघाला. नकाशा उघडला तर खरेच दुहेरी तटाचे, 52 बुरुजांचे गाव निघाले. आत आजही थोडी माणसे राहतात.

साताऱ्याला फोन करून नानांना सांगितले. एके काळी रोज पहाटे अजिंक्यतारा चढून येणारे आमचे नाना आता काठी घेऊन अंगणात फिरतात. त्यांनी एवढेच विचारले, "पायऱ्या किती?"

तेव्हापासून सगळा बेत त्यांच्या गुडघ्यांच्या हिशेबाने चालला आहे. लंडनहून तुलूझपर्यंत विमान, पुढे तासाभराची रेल्वे. स्टेशन खालच्या गावात. तिथून ओद नदीकडच्या दरवाजाने जायचे तर चढ उभा आहे, म्हणून टॅक्सीने पूर्वेच्या नार्बोन दरवाजाशी उतरायचे. तिथला चढ सौम्य. गावात शिरायला तिकीट नाही. ते लागते आतल्या बालेकिल्ल्याला आणि तटावर चढायला. मुले वर जातील, नाना दोन तटांमधल्या मोकळ्या वाटेने सावकाश हिंडतील.

नानांचा ब्रिटनचा व्हिसा फ्रान्सला चालत नाही. शेंगेन व्हिसाचा अर्ज त्यांनी भारतातूनच करायचा आहे, सोबत किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा. आपल्या आईवडिलांना बोलावणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे.

इतिहास सांगितल्यावर नाना खुलले. नोव्हेंबर 1659 मध्ये फ्रान्स आणि स्पेनचा तह झाला, सरहद्द दक्षिणेला पिरेनीज डोंगरांवर सरकली आणि या किल्ल्याचे काम संपले. "त्याच महिन्यात प्रतापगड झाला की रे!" नाना म्हणाले. पुढे तट ढासळू लागला. 1849 मध्ये सरकारने तो पाडायचे ठरवले, तेव्हा गावकऱ्यांनीच विरोध केला. 1853 पासून व्हिओले-ल-द्युक या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली दुरुस्ती सुरू झाली. ऐकून नाना थोडा वेळ गप्प होते. मग आपल्याकडच्या पडलेल्या बुरुजांची नावे एकेक करून सांगू लागले.

"किल्ला कुठे पळून जातो?" असे म्हणून आम्ही पहिल्यांदा बेत पुढे ढकलला, तेव्हा घराचे हप्ते होते. दुसऱ्यांदा मुलीची परीक्षा. किल्ला खरेच जागच्या जागी आहे. माई मात्र गेल्या वर्षी गेल्या. त्यांनी या सहलीसाठी घेतलेले कॅनव्हासचे बूट अजून खोक्यात आहेत.

म्हणून यंदा नक्की. तिकडची प्रसिद्ध कास्सुले म्हणजे पांढऱ्या घेवड्याची उसळच, पण तीत बदकाचे नाहीतर डुकराचे मांस असते. तेव्हा नानांसाठी तिखटमिठाच्या पुऱ्या बांधून नेऊ. आपल्यापैकी कोणी जाऊन आले असेल, तर शाकाहारी जेवणाची सोय जरूर कळवा. बाकी परतल्यावर, आणि पायऱ्या किती तेही.