एका कानाचा समुद्र

आमचे कापडाचे दुकान मालवणच्या बाजारपेठेत आहे. गिऱ्हाईक डावीकडून हाक मारते आणि मी उजवीकडे पाहू लागतो. नवखा मनुष्य हसतो. ओळखीचा समोर येऊन उभा राहतो. बारा वर्षांपूर्वी, दिवाळीच्या ऐन हंगामात, एका सकाळी माझा डावा कान एकाएकी बंद पडला. मळ साचला असेल, अशा समजुतीने मी तीन आठवडे गल्ल्यावर काढले. पुढे डॉक्टर म्हणाले, "अशा वेळी पहिल्या काही दिवसांतच औषध सुरू व्हावे लागते." हंगाम साधला, कान गेला.

माझी धाकटी कन्या पुण्यास संगणकावरील खेळांसाठी ध्वनिरचनेचे काम करते. तिने पेढी सोडून हा मार्ग धरला, तेव्हा मी मनातून नाराजच होतो. खेळातले आवाज हाही का एखादा व्यवसाय, असे मला वाटे. गेल्या हिवाळ्यात ती चार दिवस घरी आली, ती ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊनच. तिच्या नव्या खेळात एक जलदुर्ग आहे. म्हणून आम्ही होडीने सिंधुदुर्गावर गेलो.

१६६४ मध्ये कुरटे बेटावर शिवछत्रपतींनी बांधावयास घेतलेल्या या किल्ल्याचे महाद्वार बुरुजांच्या वळणात असे दडविले आहे की, होडी अगदी जवळ येईपर्यंत ते दिसत नाही. त्या द्वारात उभे राहून कन्येने एक टाळी वाजविली आणि दगडांतून परतणारा घुमारा टिपून घेतला. पुढे संगणकाच्या साहाय्याने तोच घुमारा कोणत्याही आवाजास देता येतो. मग पुण्यातील खोलीत उच्चारलेला शब्दही या द्वारात उच्चारल्यासारखा वाटतो.

परतताना ती म्हणाली, "अण्णा, डावे-उजवे आवाजात नसते, ते दोन कानांमधल्या फरकात असते." उजवीकडचा आवाज डाव्या कानास किंचित उशिरा पोहोचतो; हा उशीर फार तर सेकंदाच्या सुमारे १,५०० व्या भागाएवढा. शिवाय डोक्याच्या आडोशाने तो थोडा मंदावतो. लॉर्ड रॅली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०७ मध्येच हे दोन्ही धागे एकत्र मांडले होते. आवाज वरून आला की खालून, हे कानाच्या पाळीच्या वळ्या सांगतात. संगणक हेच सारे फरक हेडफोनमध्ये पुन्हा घडवितो. ऐकणाऱ्याने मान वळविली की ते फरकही त्याच क्षणी बदलावे लागतात, नाहीतर समुद्रच मानेबरोबर फिरू लागेल.

रात्री तिने माझ्या कानांवर हेडफोन चढविला. सारा समुद्र उजव्या कानातच कोंडला. तिचा चेहरा उतरला. इतक्यात लाटा मागे सरल्या, पावलांचा आवाज जड होऊन परतू लागला आणि मी म्हणालो, "आपण दरवाजातून आत आलो."

तिने चकित होऊन पाहिले. मग तिनेच उलगडा केला: सरळ येणारा आवाज किती आणि भिंतींवरून परतलेला किती, हे प्रमाण एका कानासही कळते. दिशा हरवली, तरी अंतर आणि जागा हरवत नाही.

मी विचारले, "पण शत्रू डावीकडून आला, तर माझ्यासारख्याने काय करावे?" ती बराच वेळ गप्प राहिली. महिन्याभराने तिचा फोन आला. आता खेळात दोन्ही कानांचा आवाज एकत्र करण्याची सोय आहे आणि आवाज ज्या दिशेचा, त्या दिशेस पडद्यावर लहानशी खूण उमटते. "वरिष्ठांना पटवायला दोन बैठका लागल्या, अण्णा," ती म्हणाली.

आता तिच्या उद्योगाविषयी कोणी विचारले, तर मी सविस्तर सांगतो. गल्लाही मी हलविला आहे. दुकानाचा दरवाजा आता माझ्या उजव्या हातास येतो.

वाचकांना एकच विनंती. कान एकाएकी बंद पडला, तर हंगाम पाहू नका; त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.