देवगिरीची तोफ आणि कोबाल्टची खोली

वेरूळच्या वाटेवरचे प्रवासी देवगिरीचा किल्ला पाहत नाहीत, उरकतात. छत्रपती संभाजीनगराहून, म्हणजे आमच्या पिढीच्या तोंडात बसलेल्या औरंगाबादेहून, चौदा-पंधरा किलोमीटरवर हा किल्ला. पायथ्याशी सीताफळांच्या टोपल्या घेऊन बाया बसलेल्या असतात. पोरेबाळे अंधारीत शिरून किंचाळून येतात, एखादी टोपली गाडीत चढते आणि दुपारच्या आत मंडळी कैलास लेण्यासमोर उभी! वाचकांपैकी कुणी यंदा जाणार असेल, तर त्याने चिनी महालाजवळच्या बुरुजापाशी थोडे थांबावे, एवढी माझी शिफारस.

तिथे मेंढा तोफ आहे. मागच्या टोकाला मेंढ्याचे डोके घडवलेली ही तोफ चारी दिशांना फिरवता येईल अशी बसवलेली होती. तिच्यावर ‘किला शिकन’ असे नाव कोरले आहे. किला शिकन म्हणजे किल्ले फोडणारी. किल्ले फोडणारी तोफ किल्ल्याच्याच बुरुजावर आणून ठेवलेली! माझ्याबरोबर माझा भाचा होता. तो पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी आहे आणि त्याच्या डोक्यात सदैव अणू फिरत असतात. तो म्हणाला, “मामा, ही त्या काळची अणुबॉम्बच की. डागायची कमी, दाखवायची जास्त.”

बोलणे पोरकट वाटले, तरी सोडून देण्यासारखे नव्हते. भारताने १८ मे १९७४ रोजी पोखरणला पहिला अणुस्फोट केला, १९९८ च्या मे महिन्यात आणखी पाच केले, आणि २००३ साली आपले धोरण जाहीर केले, की पहिला वार आपण करणार नाही. म्हणजे अस्त्र आहे ते शत्रूने धजू नये म्हणून. युद्धात ते आजवर दोनदाच वापरले गेले, १९४५ च्या ऑगस्टमध्ये. हिरोशिमात त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत सुमारे १,४०,००० माणसे मेली. त्यानंतर ऐंशी वर्षे ही तोफ बुरुजावरच आहे. धाकाचा उपयोग नाही असे कोण म्हणेल?

पण देवगिरी पाहताना धाकाविषयी दुसरेही काही कळते. कातळ तासून उभा केलेला कडा, खोल खंदक, त्यावरून जाणारा एकच पूल, मग ती काळोखी वाट. गडकऱ्याने आणखी काय करायचे? तरी हा किल्ला पडलाच. १२९६ साली अल्लाउद्दीन चालून आला तेव्हा रामदेवराव यादवांची फौज बाहेर होती. धान्य म्हणून घाईने वर चढवलेली पोती उघडली तो त्यांत मीठ निघाले, अशी कथा सांगतात. पुढे १६३३ मध्ये महाबतखानाने वेढा घातला. बाहेरचे कोट सुरुंगांनी पडले. वरचा किल्ला मात्र उपासमारीने टेकीला आलेल्या फत्तेखानाने बोलणी करून स्वाधीन केला. हा फत्तेखान मलिक अंबरचा मुलगा. ज्या बापाने १६१० मध्ये खडकी हे शहर वसवले, तेच आजचे संभाजीनगर! कडा शाबूत राहिला, तोफा शाबूत राहिल्या. चुकले ते कोठारात आणि कारभारात.

किल्ल्यावरून आम्ही शहरात परतलो ते खाम नदीकाठच्या पाणचक्कीवर. तिथल्या वडाखाली बसल्यावर प्रवासाचा शीण उतरतो, हा माझा जुना अनुभव. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी दुरून जमिनीखालच्या मातीच्या नळांनी आणायचे, उंच भिंतीवर चढवून खाली सोडायचे आणि त्या धारेवर जाते फिरवायचे. यात्रेकरू आणि फकीर यांच्यासाठी पीठ दळले जाई. शक्ती फुकट, धूर नाही, राख नाही.

आज एवढ्यावर भागत नाही. वाळूज आणि चिकलठाण्याचे कारखाने, घरोघरचे पंखे आणि पंप जात्याच्या पाण्यावर चालणार नाहीत. मराठवाड्याचे मोठे औष्णिक वीजकेंद्र परळी वैजनाथला. पण २०१३ च्या दुष्काळात पाणीच नाही म्हणून ते बंद ठेवावे लागले. कोळसा होता, यंत्रे होती, वाफ करायला पाणी नव्हते! अणुवीज हवी म्हणणारे अशा वेळी तारापूरकडे बोट दाखवतात. तिथे १९६९ पासून अणूची वीज निघते, मूठभर इंधनात कोळशाच्या मालगाड्यांचे काम होते आणि हवेत काजळी जात नाही. हे सगळे खरे. मात्र अणुभट्टीलाही पाणी लागतेच, आणि ते पुष्कळ लागते. म्हणून ती समुद्रकाठी. तारापूरच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. जैतापूरला ९९०० मेगावॅटचे केंद्र योजले, तर माडबनचे लोक उभे ठाकले. फुकुशिमाची दुर्घटना घडून महिना झाला होता, २०११ च्या एप्रिलमध्ये तिथे गोळीबारात एक माणूस मेला. देशाच्या एकूण विजेत अणूचा वाटा आजही शेकडा तीनच्या आसपास आहे. गवगव्याच्या मानाने थोडाच म्हणायचा.

मराठवाड्यातल्या माणसाला अणू भेटतो तो विजेच्या तारेतून क्वचित. तो भेटतो दवाखान्यात. आमखास मैदानाजवळचे शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ साली सुरू झाले. तोवर इकडच्या पुष्कळ रोग्यांना परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरावी लागे. किरणोपचाराला बायाबापड्या ‘शेक’ म्हणतात. सौ.च्या मामेबहिणीवर शहरातल्या एका रुग्णालयात असाच शेक चालू होता, म्हणून सीताफळे घेऊन आम्ही तिला भेटायला गेलो.

“दाजी, अकरा झाले, चौदा राहिले,” ती म्हणाली. शाळेतल्या पोरीने परीक्षेचे पेपर मोजावेत तसे मोजत होती. मग भाच्याकडे वळून तिने विचारले, “हे बाँबमधलंच का रे?”

“नाही मावशी. पण भट्टी तीच,” तो म्हणाला, आणि पुढे त्याने जे समजावले ते मला एवढ्या वर्षांत कुणी सांगितले नव्हते. अणुभट्टीत न्यूट्रॉन नावाचे कण उधळत असतात. त्यांच्या वाटेत साध्या कोबाल्टची कांडी ठेवली तर तिचा कोबाल्ट-६० होतो, आणि त्याचे किरण गाठीवर रोखता येतात. त्याच वाटेत नैसर्गिक युरेनियम असले तर त्यातल्या काही भागाचे प्लुटोनियम होते, आणि त्याचा बाँब होतो. तुर्भ्याची ‘सायरस’ भट्टी १९६० ते २०१० अशी पन्नास वर्षे चालली. तिच्यातून रुग्णालयांसाठी समस्थानिके निघाली आणि १९७४ च्या पोखरणचे प्लुटोनियमही तिच्यातलेच. त्याच तुर्भ्याच्या भाभा केंद्राने आपल्या रुग्णालयांना परवडावे असे ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्टचे यंत्र घडवले. तिथेच किरणांचा मारा करून उडदाचा ‘टीएयू-१’ हा वाण निघाला. १९८५ पासून महाराष्ट्राच्या शेतांत तो पेरला जातो. वरणात तो आपण खाल्लाही असेल!

मामेबहीण ऐकत होती. “मग त्या खोलीला कुलूप नीट लावतात ना?” एवढेच तिने विचारले.

भाचा एकदम गप्प झाला. बाहेर आल्यावर त्याने मला दिल्लीची हकिकत सांगितली. २०१० साली एका विद्यापीठातले, वर्षानुवर्षे पडून असलेले कोबाल्टचे यंत्र लिलावात भंगार म्हणून विकले गेले. मायापुरीच्या भंगारबाजारात ते फोडले, तुकडे हातोहात फिरले. कित्येकांची कातडी भाजली, एक कामगार मेला. ब्राझीलमध्ये १९८७ साली सोडून दिलेल्या दवाखान्यातले असेच यंत्र भंगारवाल्यांनी उघडले होते. आतली निळी चमकणारी पूड लोकांनी कौतुकाने घरी नेली आणि चौघांचा जीव गेला. दोन्हीकडे शत्रू कुणी नव्हता. नोंदवही होती, ती कुणी वाचली नव्हती. मला तर पुन्हा देवगिरीची ती मिठाची पोतीच दिसली.

कोबाल्टचा जोर सव्वापाच वर्षांत निम्मा होतो. रोग्याला तेवढाच शेक द्यायला मग दुप्पट वेळ लागतो आणि बाहेरची रांग लांबते. नवा कोबाल्ट येतो राजस्थानातल्या रावतभाट्याच्या अणुभट्ट्यांतून, शिशाच्या जाड पिंपात बंद होऊन, मालमोटारीने. जुना तसाच पिंपात घालून परत धाडायचा असतो. त्या मालमोटारीवर पिवळ्या पाटीवरची तीन पात्यांची काळी खूण असते.