‘उद्यापासून येता का?’

मैत्रिणींनो, तुम्हाला कुणी विचारलं, “सध्या तुम्ही काय करता?” तर तुम्ही काय सांगता? अगदी खरं सांगा हं! घरी मशीनवर ब्लाउज शिवून दोन पैसे मिळवणारी म्हणते, “काही नाही हो, वेळ जातो.” शिकवण्या घेणारी म्हणते, “चार पोरं येतात घरी.” बालवाडीत जाणारी म्हणते, “घरीच असते, सकाळी जरा जाऊन येते.” मीही त्यांतलीच एक होते. आणि हेच उत्तर मी एकदा नोकरीच्या मुलाखतीत दिलं. त्याने काय घोटाळा झाला, तो आज तुम्हाला सांगणार आहे.

आम्ही सांगलीला राहतो. घरापासून चालत दहा मिनिटांवर एक शाळा आहे. तिथे मी पाच वर्षं अर्धवेळ शिकवत होते. पाचवी ते सातवीला हिंदी आणि इतिहास, रोजचे तीन तास. पगार एवढाच, की दूधवाल्याचं आणि वाण्याचं बिल दिलं की पाकीट रिकामं. तरी घरचं सगळं सांभाळून जमत होतं, म्हणून मी खूष होते. पण दोन वर्षांपूर्वी घराचा हप्ता सुरू झाला, थोरली दहावीला गेली, आणि महिनाअखेरीला डब्यातल्या नोटा मोजायची पाळी आली. अशात विश्रामबागेकडच्या एका शाळेची जाहिरात वाचली. जागा अर्धवेळच, पण तास चार आणि पगार जवळजवळ दीडपट! मी अर्ज टाकला, आणि ऑगस्ट महिन्यात मुलाखतीचं बोलावणं आलं.

झालं! घरात सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. सासूबाई म्हणाल्या, “कधी येणार म्हणून विचारतील. सांगून मोकळी हो, उद्यापासून येते म्हणून. अशा जागा कुणासाठी थांबत नाहीत.” शेजारच्या काकूंनी तर त्यापुढची युक्ती सांगितली. “जुन्या शाळेत आजारी आहे म्हणून कळवायचं आणि मग जायचंच नाही. कोण येतंय घरी बघायला?” ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता, “तुझं तू ठरव,” एवढंच म्हटलं.

आमच्या थोरल्या वन्सं मिरजेला एका हायस्कूलच्या ऑफिसात आहेत. रात्री त्यांना फोन केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “अगं, तुझं नेमणूकपत्र काय म्हणतंय?”

नेमणूकपत्र! ते मी मिळालं त्या दिवशी वाचलं होतं आणि नंतर कुठे ठेवलं तेही आठवत नव्हतं. शेवटी कपाटात, साड्यांखाली अंथरलेल्या कागदाच्या खाली सापडलं. त्यात एक ओळ होती, की नोकरी सोडायची झाल्यास एक महिन्याची पूर्वसूचना द्यावी लागेल. पाच वर्षांत त्या ओळीकडे माझं लक्षही गेलं नव्हतं.

वन्संनी मग मला सगळं नीट समजावलं. आपल्या राज्यात खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आहे आणि त्याखाली १९८१ ची नियमावली आहे. त्यात कायम कर्मचाऱ्याने तीन महिन्यांची आणि कायम नसलेल्याने एक महिन्याची नोटीस द्यावी, असा नियम आहे. लवकर जायचंच असेल आणि संस्थेने तशी परवानगी दिली, तर जेवढे दिवस कमी पडतात तेवढ्या दिवसांचा मूळ पगार भरावा लागतो. शिवाय, शाळेला सुट्टी असताना नोटीस देता येत नाही, नोटिशीचे दिवस सुट्टीत जाऊन चालत नाहीत, आणि पहिलं सत्र सुरू झाल्यापासून महिनाभरही नोटीस देता येत नाही. मी म्हटलं, “वन्सं, एवढं सगळं तीन तासांच्या नोकरीला?” त्या म्हणाल्या, “तास तीन असले तरी वर्ग पूर्ण असतो ना?”

त्या वाक्याने मला माझाच पहिला दिवस आठवला.

मी त्या शाळेत लागले ती जानेवारीत, वर्षाच्या मध्येच. आधीच्या बाई एका गुरुवारी शाळेतून गेल्या त्या परत आल्याच नाहीत. टेबलाच्या खणात अर्ध्या तपासलेल्या वह्या होत्या. चाचणीचे गुण कुठेच लिहिलेले नव्हते. कोणता धडा झाला आणि कोणता राहिला, ते मुलांना विचारून मी पाठ घेत होते. मुलांना सांगितलं होतं, की बाई आजारी आहेत. सहावीतली एक मुलगी मला आठवडाभर रोज विचारायची, “आमच्या बाई बऱ्या झाल्या का?” मुलींनी मिळून त्यांच्यासाठी एक भेटकार्ड केलं होतं. ते वर्गाच्या कपाटात वर्षभर पडून होतं. बाईंना काय अडचण असेल ती असेल, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण काकूंची ‘आजारी आहे’ची युक्ती ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे ते कार्ड आलं.

मुलाखतीचा दिवस म्हणजे श्रावणी सोमवार. साबुदाण्याची खिचडी चार घास खाऊन, इस्त्रीची साडी नेसून मी बसने गेले. समोर तिघं जण होते. मुख्याध्यापिकाबाई मध्ये, चष्मा नाकावर आलेला. त्यांनी अर्ज चाळत विचारलं, “सध्या काय करता?”

आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, “तसं काही विशेष नाही. घरचंच सगळं बघते. दोन-तीन तास एका शाळेत जाऊन येते.”

“असं का?” म्हणून त्यांनी पान उलटलं. मी काय शिकवते, किती मुलं आहेत, काही विचारलं नाही. कशाला विचारतील? मीच सांगितलं ना, तसं काही विशेष नाही म्हणून! इतर चार प्रश्न झाले आणि मग त्या म्हणाल्या, “मग उद्यापासून यायला काही अडचण नाही तुम्हाला. येता का?”

मैत्रिणींनो, तो ‘हो’ माझ्या ओठांवर आला होता. डोळ्यांपुढे घराचा हप्ता होता. सासूबाईंचे शब्द कानांत होते. आणि अडचण आहे असं म्हणायला मी जागाच कुठे ठेवली होती? ज्या कामात काही विशेष नाही, ते सोडायला महिना कशाला हवा? मी माझ्याच कामाला हलकं म्हटलं, आणि समोरच्या बाईंनी ते खरं मानलं. त्यात त्यांचं काय चुकलं?

मी पदर सावरला आणि म्हटलं, “बाई, मघाशी मी नीट सांगितलं नाही. मी पाच वर्षं त्या शाळेत हिंदी आणि इतिहास शिकवते. तीन वर्ग माझ्याकडे आहेत, शंभरावर मुलं आहेत. माझ्या नेमणूकपत्रात एक महिन्याच्या नोटिशीची अट आहे. तुमचं पत्र मिळालं की मी १ सप्टेंबरला राजीनामा देईन, ३० सप्टेंबरला मोकळी होईन, आणि १ ऑक्टोबरला इथे हजर होईन. तोपर्यंत मुलांच्या वह्या आणि सत्राचा अभ्यास पुरा करून देते.”

त्यांनी चष्मा काढला. “आमची अडचण आहे हो. वर्ग रिकामा आहे. दुसऱ्या एक बाई लगेच यायला तयार आहेत.”

“तुमची अडचण मला समजते,” मी म्हटलं. “पण मी आज तिथून न सांगता निघाले, तर तिथलाही वर्ग उद्या रिकामा पडेल.”

बाहेर आले तेव्हा माझे हात थरथरत होते.

आता तुम्हाला वाटेल, की त्या बाई खूष झाल्या आणि मला तिथल्या तिथे नेमणूक दिली. तसं मुळीच झालं नाही! आठ दिवस काही कळलं नाही. मग समजलं, की लगेच येणाऱ्या बाईंना घेतलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी भांडी जरा जास्तच वाजली. हे म्हणाले, “खरं बोललीस ना? मग झालं.” पण हप्ता काही ‘झालं’ म्हणत नाही. ती दिवाळी आम्ही नव्या कपड्यांशिवाय केली. रात्री पडल्यापडल्या कितीतरी वेळा मनात आलं, की ‘हो’ म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

पुढे मार्चमध्ये एका दुपारी फोन आला. त्याच मुख्याध्यापिकाबाई. जूनपासून आणखी एक जागा होत होती. त्यांचं पहिलंच वाक्य असं, “तुमची एक महिन्याची नोटीस आहे ना? म्हणजे सुट्टीआधीच द्यावी लागेल. पत्र मी या आठवड्यातच पाठवते.” सहा-सात महिन्यांपूर्वी मी सांगितलेलं त्यांच्या लक्षात होतं. पत्र हातात आल्यावर मी १ एप्रिलला राजीनामा दिला आणि ३० एप्रिलला मोकळी झाले. मे महिन्याचा पगार मात्र बुडाला, तेही सांगून ठेवते. गुणांची यादी, वह्या आणि राहिलेल्या धड्यांची नोंद मी नव्या बाईंच्या हाती दिली. सातवीच्या मुलींनी मला भेटकार्ड दिलं, आणि ते मी घरी आणलं.

तो फोन आला म्हणून माझी गोष्ट गोड झाली. पण आला नसता तर? खरं बोलणाऱ्याला दर वेळी फोन येतोच असं नाही, आणि तसं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. मात्र त्या सोमवारनंतर माझ्यात एक बदल झाला होता, तो फोनच्याही आधी. ‘तसं काही नाही’ म्हणणं मी सोडलं होतं.

तुमच्यापैकी कुणी नोकरी बदलायच्या विचारात असाल, तर माझ्या अनुभवातल्या चार गोष्टी लक्षात ठेवा.

मुलाखतीला जाण्यापूर्वी नेमणूकपत्र शोधून वाचा. नोटिशीची अट प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. शाळेचं वेगळं, दुकानाचं वेगळं, पतसंस्थेचं वेगळं. पत्र मिळालंच नसेल, तर कार्यालयात विचारून घ्या.

सध्याचं काम सांगताना काय करता, किती वर्षं करता आणि किती जणांची जबाबदारी तुमच्यावर आहे, हे तीन वाक्यांत सांगा. का सोडता असं विचारलं तर, “तास आणि पगार वाढायला हवा आहे,” हे उत्तर पुरे. जुन्या ठिकाणच्या तक्रारी तिथे काढू नका. ऐकणाऱ्याला वाटतं, उद्या ही आपल्याबद्दलही असंच बोलेल.

‘लवकरच येते’, ‘बघते’ असं मोघम बोलू नका. कॅलेंडर पाहून तारीख सांगा. महिनाभर थांबा म्हणणं समोरच्याला जड वाटतं, पण अमुक तारखेला हजर होते म्हटलं, की त्याला पुढची सोय करता येते.

आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची. नवीन ठिकाणचं पत्र हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका. तोंडी ‘या’ म्हणण्यावर जाऊ नका. शाळेच्या बाबतीत राजीनाम्याच्या दोन प्रती करून दोन्हींवर सही आणि तारीख घालावी, एक रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाला पाठवावी आणि एक आपल्याजवळ ठेवावी, असं कायद्यातच आहे. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात सामील झालं आहे, तेव्हा टपाल कचेरीत विचारून, पोच मिळेल असं पाठवा. निघताना अनुभवाचा दाखला आणि कार्यमुक्तीचं पत्र मागून घ्या. संकोच करू नका, तो आपला हक्क आहे.

परवा आमच्याकडे हळदीकुंकवाला एक नवी शेजारीण आली होती. मी विचारलं, “तुम्ही काय करता?” ती म्हणाली, “काही नाही हो, चाळीस डबे असतात रोजचे.”

चाळीस डबे! मी तिला खाली बसवलं, हातात वाण दिलं आणि म्हटलं, “अहो, हे परत सांगा बघू. पण ते ‘काही नाही’ वगळून!”