‘चेंज’ या शब्दाचा धडा

इंग्रजी शिकविणाऱ्यास मोठ्या शब्दांपेक्षा लहान शब्दच अधिक कष्ट देतात. ‘चेंज’ हा त्यांपैकीच एक होय. दुकानात या शब्दाचा अर्थ मोड, रेल्वेच्या स्थानकावर गाडी बदलणे, आणि वैद्याच्या तोंडी हवापालट. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली माथेरानचा डोंगर प्रसिद्धीस आणला; तेथे मुंबईकर ज्यासाठी जाऊ लागले, तोही ‘चेंज’च.

आपल्या भाषेत मात्र या प्रत्येकास निराळा शब्द आहे, आणि तो निराळेपणा व्यर्थ नाही. मोड घेतली तरी रुपया तोच राहतो. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तेव्हा ६४ पैशांच्या रुपयाचे १०० नवे पैसे झाले. नाणी बदलली, मोजणी बदलली. पण रुपयाचे मोल होते तेच राहिले. मनुष्याच्या अंतःकरणाचा पालट असा नसतो. तेथे बाहेरचे सर्व तसेच दिसते आणि मोल तेवढे बदलते. हा भेद मी वर्गात अनेकदा सांगितला होता. परंतु मला तो कळला फार उशिरा.

माझ्या वर्गातील एक मुलगा सहामाही परीक्षेत नक्कल करताना सापडला. मी त्यास क्षमा मागावयास सांगितले. तो खाली मान घालून उभा राहिला. ना शब्द, ना अश्रू. वर्षअखेर त्याचे गुण पूर्वीपेक्षाही कमी पाहून मी त्याच्या प्रगतिपुस्तकात ‘नो चेंज’ असा शेरा लिहिला.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील ते पुस्तक घेऊन आले. त्यांचे किराणा मालाचे लहानसे दुकान होते. ते संकोचाने म्हणाले, “गुरुजी, ‘नो चेंज’ म्हणजे सुटे पैसे नाहीत, एवढंच मला ठाऊक. पोराच्या पुस्तकात ते कशाला लिहिलंत?”

मला हसू आले. मी अर्थ सांगताच ते गंभीर झाले. “मग हे खरं नाही, गुरुजी. आधी कमी गुणांचे पेपर तो लपवून ठेवी. आता आपण होऊन पुढ्यात ठेवतो. रात्री गणितं चुकतात, तरी पुन्हा करतो. पण कुणाचं बघून लिहीत नाही.”

माझे हसू मावळले. गुण कमी झाले होते, कारण ते आता त्याचे स्वतःचे होते!

शुभवर्तमानात जेथे आपण ‘पश्चात्ताप’ वाचतो, तेथे मूळ ग्रीक शब्द ‘मेटानोइया’ असा आहे. त्याचा धात्वर्थ मागाहून होणारा ताप नव्हे, तर मनाचा पालट. मी त्या मुलाच्या डोळ्यांत ताप शोधीत राहिलो, आणि पालट माझ्यासमोर रोज बाकावर बसत होता.

मी तो शेरा त्या गृहस्थांच्या देखत खोडला व मुलास बोलावून माझी चूक कबूल केली. या वेळी मान खाली घालून उभा राहणारा मी होतो.

पालकहो, प्रगतिपुस्तक हाती येईल तेव्हा आकडे अवश्य पाहा. परंतु मूल आता काय लपवीत नाही, हेही पाहा. आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्या गुरुजींचा शेरा चुकला असे वाटल्यास येऊन विचारा. शेरा खोडता येतो.