पूल खेळताना हात थरथरतो?

गोडदेवमधले तरुण मला विचारतात, "डॉक्टर, पूल खेळताना हात थरथरतो. काही आजार तर नाही ना?" बहुतेकदा नसतो. सूक्ष्म कंप प्रत्येकाच्या हातात असतो. जागरण, जास्त चहा, ताण आणि क्यू घट्ट आवळण्याने तो वाढतो.

पकड सैल ठेवा, खांदा स्थिर ठेवा, हात कोपरातूनच हलवा. हातभर अंतरावरच्या चेंडूला समोरासमोर लागून पांढरा चेंडू जागीच थांबला, की फटका मधोमध बसला समजा. फिरकी नंतर शिका. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ आणि १९६४ साली जागतिक हौशी विजेते झाले, त्या बिलियर्ड्सचा पायाही सरळ फटकाच.

मात्र हात मांडीवर निवांत असतानाही थरथरत असेल, पेला उचलताना पाणी सांडत असेल किंवा सोबत धडधड होऊन वजन घटत असेल, तर सरावावर विसंबू नका. तपासून घ्या, कधी कारण थायरॉइडचे असते आणि त्यावर उपचार आहेत.