पहिली मोजणी

जगाच्या उत्पत्तीच्या कथा वाचताना मला एका गोष्टीचं नेहमी नवल वाटतं. पृथ्वी नुसती घडवून भागत नाही. कोणालातरी ती मोजावीही लागते. ज्यांना अनादी-अनंत म्हणायचं, त्या देवांना मोजमापाची काय गरज?

साधनं मात्र ज्याची त्याची, रोजच्या कामातली. ग्वाटेमालातल्या किचे माया लोकांच्या ‘पोपोल वुह’ ग्रंथात आरंभीच आकाश आणि पृथ्वीचे चार कोपरे ठरतात, खुंट्या ठोकल्या जातात, दोरी दुमडून अर्धी करतात आणि ताणतात. मक्याचं शेत आखावं तसंच. चीनमध्ये फूशी आणि न्यूवा या आदिदांपत्याच्या हाती सुताराचा गुण्या आणि वर्तुळ काढायचा कंपास असतो. तुर्फानजवळच्या अस्तानाच्या थडग्यांत सापडलेल्या रेशमी चित्रांत ती दोघं सापासारख्या शेपट्या एकमेकींत गुंफून, ही हत्यारं उंचावून उभी आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या ‘ह्वायनान्झ’ या ग्रंथात यू राजा दोन माणसांना पृथ्वी पायी मोजायला धाडतो. एक पूर्व टोकापासून पश्चिमेला जातो, दुसरा उत्तरेपासून दक्षिणेला. दोघांचा आकडा एकच येतो: २,३३,५०० ली आणि ७५ पावलं. वरच्या त्या ७५ पावलांवर माझा फार जीव आहे. अख्ख्या पृथ्वीच्या हिशेबातही कारकुनाने पैची सूट दिलेली नाही!

पण हा हिशेब कशासाठी? न्यू मेक्सिकोतल्या झूनी लोकांच्या कथेत पाण्यावर चालणारा एक कीटक चारी दिशांना पाय ताणतो आणि जगाचा मध्य शोधून देतो. भटकणारे लोक मग तिथे वस्ती करतात. पारशांच्या अवेस्तामधल्या ‘वेंदिदाद’मध्ये यिम राजाच्या राज्यात मरण नाही; त्यामुळे माणसं, गुरं, कुत्रे, पक्षी यांना पृथ्वी अपुरी पडते. तो सोन्याने मढवलेल्या पराणीने पृथ्वीला टोचतो, पसर म्हणून विनवतो आणि ती पसरते. असं तीनदा होतं. ऋग्वेदात वरुण सूर्याची मोजकाठी करून पृथ्वी मोजतो. विष्णूची तीन पावलंही तिथे माणसाला राहायला जागा मिळावी म्हणून पडतात. या सगळ्या कथांत मोजणारा जागा करून देतो.

पुराणांत तीच तीन पावलं पुन्हा येतात आणि सगळा व्यवहार उलटतो. आता जमीन कोणाची तरी आहे. बळीची. बटू वामनाच्या रूपात विष्णू त्याच्याकडे तीन पावलं जमीन मागतो. गुरू शुक्राचार्य सावध करतात, तरी बळी दिलेल्या शब्दाखातर उदक सोडतो. बुटका बटू वाढत जातो, दोन पावलांत सगळं व्यापतो आणि तिसऱ्यासाठी देणाऱ्याचं डोकं उरतं. बदामीच्या लेण्यात त्रिविक्रमाचा, म्हणजे त्या वाढलेल्या वामनाचा, उचललेला पाय पाहताना शिल्पकाराच्या ताकदीने मी थक्क होतो. पण नजर पुन्हा पुन्हा जाते ती त्या पायाखालच्या माणसांकडे. मापाचा आकडा तोच, तीन. एकदा त्याने जागा दिली, एकदा घेतली.

ही कथा पायाखालच्यांच्या बाजूने वाचायला जोतीराव फुल्यांनी शिकवलं. १८७३ साली आलेल्या ‘गुलामगिरी’त बळी हा कष्टकऱ्यांचा राजा आहे आणि वामन बाहेरून येऊन जमीन बळकावणारा. इतिहास म्हणून हे तपासून घ्यावं. पण ज्याच्या बांधावर मोजणीदार येऊन उभा राहिला आहे, त्याला ही बाजू समजावून सांगावी लागत नाही. साखळी कोणाच्या हातात आहे, हे तो आधी पाहतो. क्षेत्र किती भरलं, हे नंतर.

लोकांनी आपला निवाडा केव्हाच देऊन ठेवला आहे. पुराणात विजय वामनाचा झाला, पूजाही त्याची झाली. तरी दिवाळीत ओवाळताना आपल्या बायका इडापिडा टळून राज्य यावं म्हणतात ते बळीचं. वामनाचं राज्य यावं असं कोणी मागितलेलं मी अजून ऐकलेलं नाही.